वस्तादांनी सोडलेला गूळ

आमच्या घरात माझ्या शेवटच्या लढतीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. बायको सांगते, पोरं सांगतात, आता नातवंडंही सांगायला लागलीत. ती गोष्ट खोटी आहे. खरी मी आजवर कुणापुढं उच्चारलेली नाही — बायकोपुढं नाही आणि देवापुढंही नाही. देवळात गेलो की पोरांच्या नोकरीचं काहीतरी मागतो आणि लगबगीनं बाहेर पडतो. तुम्ही माझे कोणी लागत नाही. कदाचित म्हणूनच आज जीभ उचलतेय.

मी बॉक्सर होतो. कोल्हापुरात, सत्तर सालाच्या सुमाराला, बॉक्सर! हसा खुशाल, तेव्हाही लोक हसायचेच. ज्या गावात पोर चालायला लागलं की त्याला तालमीची माती लावतात, तिथं हातांना गादीसारखे मोजे बांधून नाचणाऱ्याला कोण विचारणार? पण कुस्तीत माझं काही जमत नव्हतं. उंच आणि काटकुळा; कुणीही यावं, उचलावं आणि आपटावं. असाच एकदा आपटला गेलो असताना दौलू वस्तादांनी मला पाहिलं. ते पलटणीत बॉक्सिंग शिकून आले होते. माझे लांब हात त्यांनी मापायला घेतल्यासारखे ओढून बघितले आणि म्हणाले, "ह्यो मातीचा गडी न्हाय. ह्याला मी घिऊन जातो."

घेऊन गेले ते थेट कागलच्या वाटेवरच्या आपल्या गुऱ्हाळावर. तिथल्या आंब्याला त्यांनी चिंध्या आणि वाळू भरलेलं पोतं टांगलं होतं. त्या पोत्यावर मी माणूस झालो. पुढं सांगली, बेळगाव, हुबळी, पुणे, शेवटी मुंबईसुद्धा. तिकीट लावून लढती व्हायच्या. भिंतींवर माझं नाव लागायचं आणि नावाखाली 'लाइटवेट'. आमच्या पेठेतली माणसं आता हसत नव्हती. वस्तादांकडं आणखी पोरं यायला लागली होती.

लाइटवेट म्हणजे वजनाची हद्द. लढतीच्या सकाळी काट्यावर उभं राहायचं. हद्दीच्या वर भरलं तर लढत नाही. आणि मी तर कोल्हापूरचा! घरोघरच्या जत्रांचं जेवण, आईच्या हातचं मटण — वजन चढायला कितीसा वेळ? ते उतरवायची वस्तादांची स्वतःची रीत होती. गुऱ्हाळात रसाच्या काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं धडाडून पेटलेली असायची. त्याच्या तोंडाशी ते मला घोंगडं पांघरून बसवायचे. वर रस उकळतोय, खाली मी. पाणी नाही, काही नाही. घाम निथळायचा आणि वस्ताद स्वतः तिथंच, तेवढ्याच आगीपुढं, बसून राहायचे. मी उठेपर्यंत उठायचे नाहीत. काट्यावरून उतरलो की आधी लिंबू-मिठाचं पाणी, मग पेज, मग दहीभात, थोडं थोडं करून दिवसभर. संध्याकाळपर्यंत अंग पुन्हा भरून यायचं. प्रत्येक लढतीला असंच. कधी बिघडलं नव्हतं.

हे नीट लक्षात ठेवा. कधी बिघडलं नव्हतं — आणि त्या दिवशीही बिघडलं नव्हतं.

ती लढत कोल्हापुरातच होती. माझ्या गावात पहिलीच. समोर मुंबईचा गडी. वस्तादांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता, खांद्यावर माझा टॉवेल. पेठ लोटली होती. पहिल्या दोन फेऱ्या माझ्याच होत्या, खोटं कशाला बोलू? पण त्या माणसाचं एक होतं, तो चिडत नव्हता. मी ठोसा मारला की तो मान हलवायचा, जणू बरोबर म्हणतोय, आणि परत पुढं यायचा. तिसऱ्या फेरीत त्याचा एक ठोसा माझ्या कानावर बसला. फार काही नव्हतं. त्याहून मोठे मी पचवले होते. पण कान वाजायला लागला. हा माणूस येतच राहणार, असं मला वाटलं. हा थांबणार नाही. आपल्याला कायमचं काहीतरी होणार. लोक ओरडत होते, "सदा, हाण की!" आणि मला फक्त घरी जायचं होतं.

चौथ्या फेरीत त्याचा हात माझ्या खांद्याला घासून गेला. खांद्याला! आणि मी खाली बसलो. मग आडवा झालो.

पंच मोजत होते. मला एकेक आकडा स्वच्छ ऐकू येत होता. पायांत ताकद होती, श्वास जागेवर होता. दोरांच्या पलीकडं वस्ताद गुडघ्यांवर बसून, चटईवर हात आपटत, "ऊठ, पोरा, ऊठ" म्हणत होते. मी त्यांच्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मी भ्यालो होतो. एवढंच. याला दुसरा शब्द मी इतकी वर्षं शोधतोय, मिळाला नाही.

पण हा माझा गुन्हा नव्हे. भीती कुणाला वाटत नाही?

गुन्हा नंतरचा. कपडे बदलायच्या खोलीत पेठेतली माणसं घुसली. काय झालं, काय झालं? मी तोंडावर ओला टॉवेल घेऊन पडून होतो. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "वस्तादानं आगीम्होरं वाळवलं की पोराला." सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. वस्ताद दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं — रागानं नाही, विचारल्यासारखं.

मी म्हणालो, "अंगात पाणीच न्हवतं."

चार शब्दही नाहीत. दुसऱ्या दिवशी ते गावभर झाले. चुलवाणापुढं बसवून वस्तादानं पोराचं रक्त आटवलं, असं लोक बोलायला लागले. आमची आई भरल्या रस्त्यात त्यांना नको नको ते बोलली आणि ते मान खाली घालून ऐकत राहिले. शिकायला येणाऱ्या पोरांच्या बापांनी पोरं काढून घेतली. पुढच्या हंगामाला आंब्यावरचं पोतं उतरलेलं होतं. मी आयता बिचारा झालो. लोकांनी हळहळून मला एका कारखान्यात चिकटवलं. त्या नोकरीवर मी घर केलं, लग्न केलं, पोरं शिकवली. सगळं त्या वाक्यावर उभं आहे.

आणि वस्ताद? त्यांना स्वतःचा भरवसा राहिला नाही. ज्या माणसाला माझी नस न् नस ठाऊक होती, त्यानं माझ्या शब्दापुढं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. काही दिवसांनी ते आमच्या घरी आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत, आईनं बोलावलंही नाही. तिथूनच म्हणाले, "सदा, माज्या हातनं चूक झाली. तू परत रिंगणात उभा ऱ्हाशील त्या दिशी गूळ खाईन. तवर सोडला."

आपल्याकडं काशीला जाऊन माणसं एखादी भाजी, एखादं फळ सोडतात. या माणसानं गूळ सोडला — ज्याच्या घरात गूळ शिजत होता, ज्याच्या कपड्यांना गुळाचा वास होता, गुळाच्या दाण्याची परीक्षा ज्याची जीभ करायची! मला फक्त एकदा उभं राहायचं होतं. हरलो असतो तरी चाललं असतं. पण मी "आता अंग साथ देत नाही" म्हणत राहिलो आणि लोक मान डोलवत राहिले. दर हंगामाला वस्ताद आमच्याकडं एक ढेप पाठवायचे. 'पोराला खाऊ घाला, तब्येत धरू दे' असा निरोप असायचा. तो गूळ मी खाल्ला. पोळीबरोबर खाल्ला, पोरांना भरवला. गोड लागायचा हो. लाज वाटली तरी गूळ गोडच लागतो.

बरीच वर्षं अशी गेली. मग एका दुपारी काकींचा, म्हणजे वस्तादांच्या बायकोचा, निरोप आला. गेलो. वस्ताद बाजेवर होते, घोंगड्याखाली माणूस आहे असं कळू नये इतके बारीक. काकींच्या हातात वाटी होती, वाटीत ताजा गूळ. त्या म्हणाल्या, "आता काय ऱ्हायलं न्हाय, बाबा. तुज्यापायी सोडला हाय, तूच भरीव."

मी खडा उचलला. खोलीत आम्ही तिघंच होतो. बाहेर कुणी नव्हतं, पेठ नव्हती, आईसुद्धा तेव्हा उरली नव्हती. आता कशाची भीती होती मला? सांगा ना. वस्तादांनी डोळे उघडले. मला ओळखलं. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्वच्छ होते.

"सदा... माज्यावर राग न्हाय न्हवं?"

खरं बोलायला किती वेळ लागला असता? खोटं बोलायला लागला तेवढाच.

मी म्हणालो, "न्हाय वस्ताद. मी कवाच माफ केलं तुमास्नी."

त्यांनी तोंड उघडलं. मी गूळ जिभेवर ठेवला. तो विरघळेपर्यंत ते डोळे मिटून पडून राहिले, डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं. मग घोंगड्याखालून त्यांनी दोन्ही हात बाहेर काढले आणि मला जोडले.

मी ते जोडू दिले.