दूधभावाचं पुस्तक

बायको गेली त्याच्या दहाव्या दिवशी बाणगंगेवर कावळा पिंडाला शिवेना. कावळे होते. भिंतीवर सहा-सात बसले होते, पण सगळे दुसरीकडे बघत होते. पिंड ठेवून तास झाला. ऊन चढलं.

अशा वेळी घरच्यांनी एकेकाने हात जोडून गेलेल्या माणसाला शब्द द्यायचा असतो. त्याचं जे काही मागे अडकलं असेल ते सुटतं, मग कावळा येतो. मुलगा म्हणाला, बाबांना सांभाळीन. मुलगी म्हणाली, गावच्या गणपतीला दरवर्षी जाईन. मेहुणी म्हणाली, तुझ्या नातीच्या लग्नात मी पायावर उभी राहून सगळं करीन. मेहुणीचे गुडघे गेलेत, ती कसली उभी राहते. कावळ्यांनाही पटलं नसावं. भटजींना पुढे आणखी एकीकडे जायचं होतं. ते म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू, तसं चालतं.

काय अडकलंय ते मला माहीत होतं. चारचौघांत सांगायची लाज वाटत होती, एवढंच. शेवटी मी पुढे झालो आणि म्हणालो, "पुस्तक परत करीन. मी स्वतः नेऊन देईन."

कावळा आला. भात उचलला, गेला. माझ्या बोलण्याने आला की त्याला तेव्हाच भूक लागली, मला सांगता येत नाही. मुलाने विचारलं, कसलं पुस्तक? मी म्हणालो, माकडाचं.  घरी येईपर्यंत तो माझा दंड धरून चालला.

ते पुस्तक म्हणजे चित्रांचं कॉमिक. गिरणी संपाच्या दिवसांतलं. मी मिलमध्ये साचेखात्यात, मागावर होतो. तिथे शेकडो साचे एकदम चालतात, त्यामुळे साचेवाला बोलत नाही, हाताने खुणा करतो नाहीतर मान हलवतो. घरी आल्यावरही मी तसाच. कानही जरा गेलेले. संप झाला आणि मी दिवसभर घोडपदेवच्या खोलीत बसून राहायला लागलो. बायको म्हणाली, मिल बंद आहे, तुमचं तोंडपण बंदच का?

आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर एक पुस्तकवाला बसायचा. सुतळीला चिमटे लावून कॉमिकं टांगलेली, आणि एक दिवसाच्या बोलीने घरी न्यायला मिळायची. बायको सातवी झालेली. मी तिसरीतून सुटलो. तिने एक दिवस जंगलातल्या पोराचं कॉमिक आणलं आणि जेवणं झाल्यावर दुपारी मोठ्याने वाचायला लागली. माझ्या कानांमुळे तिला ओरडूनच वाचावं लागे, म्हणून अख्खा मजला ऐकायचा. पलीकडची म्हातारी तर दारात तांदूळ निवडत बसायची आणि मध्येच विचारायची, मगर मेली का ग?

गोष्ट अशी. तान्हं पोर जंगलात एकटं उरतं. त्याला एक मोठी वानरीण दूध पाजून वाढवते. तिचा स्वतःचा पोरगाही तेवढाच असतो. दोघं बरोबर वाढतात, बरोबर वाघाशी लढतात. मी त्या दुसऱ्याला माकड म्हणालो की बायको चिडायची. म्हणायची, त्याला शेपटी आहे का? बघा नीट. माकड नाही तो. तो ह्याचा दूधभाऊ.

वाचताना ती माणसाचं बोलणं स्वतः बोलायची. वानराच्या तोंडाजवळच्या फुग्यात बहुतेक वेळा एकच शब्द असायचा, हुं. तो माझ्याकडे आला. ती म्हणाली, "अहो, हे तुमचं काम. तुम्हाला शिकवायला नको."

पण शिकवलं. वाघ आला की हुं आखूड. दुःखाचं असलं की लांब, आणि शेवटी खाली आणायचा. मी चुकलो की ती पान मागे उलटायची आणि परत सुरू करायची. साच्यावर कोणी मला एवढं शिकवलं नव्हतं. महिनाभरात मजल्यावरचे लोक मला जिन्यात गाठून म्हणायचे, आज हुं चांगला झाला हां. संपात काय होणार, पोरांच्या तोंडात काय घालायचं, याचं आमचं बोलणंही त्या पुस्तकांमधूनच सुरू व्हायचं. ती विचारायची, मी हुं म्हणायचो, आणि कुठला हुं आहे ते तिला कळायचं.

मग तो भाग आला. जंगलात जहाज येतं. शहरातले लोक पोराला म्हणतात, तू आमच्या मोठ्या घराण्यातला आहेस, चल. त्याला शर्ट-पँट घालतात. तो जहाजावर चढतो. शेवटच्या पानावर दूधभाऊ गुडघाभर पाण्यात उभा, आणि खाली लिहिलेलं, पुढील भागी.

त्या दिवशी तिने तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण केलं होतं. धाकटीने धावत येऊन ताटाला पाय लावला आणि कालवण त्या पानावर. वानराचं तोंड गेलं. हळद, तेल, सगळं कागदात मुरलं. बायकोने ओल्या फडक्याने पुसलं, ते आणखी पसरलं. उन्हात ठेवलं तर कडक झालं.

आता दुसऱ्याचं पुस्तक असं कसं परत द्यायचं, म्हणून तिने ते दिलं नाही. आज देईन, उद्या देईन करता करता आठवडा झाला, आणि आठवड्यानंतर तोंड दाखवायची सोय राहिली नाही. ती तो कोपरा सोडून मागच्या गल्लीने बाजारात जायला लागली. मी म्हणालो, मी नेऊन देतो. ती म्हणाली, नको, तुम्ही नुसते हुं कराल, तो म्हणेल बाईने नवऱ्याला पाठवलं. पुढचा भाग आणायचा तर त्याच्याकडेच जायला हवं. तेव्हा तोही राहिला. पुस्तक तिने ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली ठेवलं.

पुढे संप विरला. मी वॉचमन झालो, पोरं मोठी झाली. पुस्तकवाला कधीतरी उठून गेला, त्या जागी मोबाइलची कव्हरं आली. तरी ती मागच्याच गल्लीने जायची. मी एकदा म्हणालो, अग, तो आता नाहीये तिथे. ती म्हणाली, सवय झाली.

शेवटच्या आजारात ती पडून असायची. एक दिवस म्हणाली, "तो परत आला असेल का हो त्याच्याकडे?"

मी विचारलं, कोण?

"शर्ट-पँट घातलेला."

मी म्हणालो, मला काय माहीत. तेव्हा आला म्हणायला माझं काय गेलं असतं? ते मला आत्ता सुचतं. दोन दिवसांनी ती गेली.

तर शब्द दिला होता. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने सांगितलं, पुस्तकवाला जिवंत आहे, ठाकूरद्वारला लेकीकडे असतो. मी ट्रंक उघडली, पुस्तक पिशवीत घातलं आणि गेलो. वाडीत तळमजल्याला खोली. लेक कामाला गेलेली. तो खाटेवर बसला होता. डोळ्यांनी अधू, माझ्याच वयाचा. तेव्हा तो मला बराच मोठा वाटायचा.

मी म्हणालो, "घोडपदेवहून आलो. पुस्तक परत द्यायचं राहिलं होतं."

त्याने ते हातात घेतलं. पानांवरून बोटं फिरवत शेवटच्या पानापर्यंत गेला. तिथे कागद पापडासारखा लागतो.

"काय सांडलंय हे?"

"तिसऱ्यांचं कालवण."

त्याने जरा विचार केला आणि विचारलं, ती मोठ्याने वाचणारी बाई का? मी हो म्हणालो. म्हणाला, तिचा आवाज मला खाली कोपऱ्यावर यायचा, मधूनमधून कुणाचा तरी हुंसुद्धा. मग एकाएकी ती यायची बंद झाली आणि मागच्या गल्लीने जायला लागली. मला वाटलं, माझ्याकडून काही वेडंवाकडं बोलणं गेलं असेल. माझ्या बायकोला विचारलं, तीही म्हणाली, तुम्हीच काहीतरी केलं असणार.

मी म्हणालो, नाही, हे पुस्तक.

तो म्हणाला, अर्ध्या घोडपदेवने माझी पुस्तकं परत दिली नाहीत, मी कुणाच्या दाराशी गेलो होतो? कशी आहे ती?

मी सांगितलं. त्याने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

मग मी ज्यासाठी खरा आलो होतो ते विचारलं. पुढच्या भागात काय झालं?

"पुढचा भाग निघालाच नाही. कंपनी बसली. लोकांनी माझं डोकं खाल्लं तेव्हा."

म्हणजे ती जन्मभर मागच्या गल्लीने गेली आणि कोपऱ्यावर काहीच नव्हतं. हे तिला सांगायला कोणी नाही. मी उठलो. तो म्हणाला, पुस्तक घेऊन जा, मला काय दिसतंय. मी म्हणालो, ते जमणार नाही, कावळा जेवून गेलाय.  तो म्हणाला, मग वाचून तरी दाखवा शेवटची पानं. बसा.

मी अक्षरं जोडत वाचणारा. एकेका फुग्याला वेळ लागला.  माणसाचं बोलणं मी आजवर कधी वाचलं नव्हतं, ते तिचं होतं. जहाजावरून तो म्हणतो, मी येईन रे परत. तेवढं वाचलं आणि पुढे डाग होता. डागाखाली हुं आहे हे मला पाठ, पण तोंडातून निघेना.

खाटेवरून तो म्हणाला, "हुं."

आखूड झाला. वाघाचा.

मी पान मागे उलटलं. म्हणालो, "लांब म्हणा. आणि शेवटी खाली आणा."

आणि जहाज येतं तिथून परत सुरू केलं.