झुलीची हिरवी पट्टी

हिरव्या दोऱ्याची लडी मी पुडीत बांधून तयार ठेवली होती. वडीगोद्रीकडे जाणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर आमच्या ओळखीचा. त्याच्या हाती ती भागाजीमामाकडे धाडायची, म्हणून सकाळीच जालन्याच्या स्टँडवर गेले. त्याने पुडीला हात लावला नाही. "ताई, तुमच्याकडंच निघाल्तो मी," तो म्हणाला. "मामा काल गेले..." पुडी तशीच मुठीत धरून मी त्याच्याच गाडीत बसले. पेरणी उरकून मामा घरी आला होता, भाकरी खाल्ली, अंग दुखतंय म्हणून आडवा झाला आणि उठलाच नाही. माझा मामा साधा चहा प्यायलासुद्धा अर्धा तास घ्यायचा. जायची मात्र त्याने अशी घाई केली की कुणाला पाणी विचारायलासुद्धा सवड मिळाली नाही.

ती लडी त्यानेच उन्हाळ्यात जुन्या जालन्यात येऊन घेतली होती. मामाचं दोरा घेणं बघण्यासारखं असायचं. दोऱ्याचं टोक तो जिभेवर भिजवायचा आणि स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर घासून बघायचा. डाग पडला की लडी परत. मांडीवर लाल-निळ्या रेघा घेऊनच तो दुकानातून बाहेर पडायचा. त्या दिवशी नवा दुकानदार वैतागून म्हणाला, "मामा, उशीवर काढायचंय का रुमालावर, ते तर सांगा." मामा शांतपणे म्हणाला, "बैलावर. त्याला घाम येतो. रंग बिलकुल पक्का पायजे." दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. एवढं करून घेतलेली लडी मामा माझ्या फळीवर विसरून गेला!

दोरा होता झुलीसाठी. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालायची ती आमच्या आजोळची झूल. मामाचे आईवडील मेंढरं राखणारे, रानोमाळ फिरणारे. कळप विकून त्यांनी जमिनीचा तुकडा आणि पहिली बैलजोडी घेतली. पहिल्याच पोळ्याला गावाने त्यांना सगळ्यांत मागे उभं केलं, आणि "मेंढक्याचे बैल, चालतेत का नुसते चरतेत बघा," असं कुणीतरी हसून म्हणालं. घरी येऊन आजीने लाल जाड कापड आणवलं आणि कशिदा भरायला बसली. एका अंगाला मोर, घोडे, कोयऱ्या, मधूनमधून आरसे... बघणाऱ्याचे डोळे दिपावेत असं काम. अर्धी झूल झाली आणि तिची नजर गेली. दुसरं अंग मामाकडे आलं. घोंगड्या शिवून त्याला दाभण हातातलं होतं, सुईची लाज नव्हती. अडचण एकच, त्याला मेंढराशिवाय दुसरं जनावर काढता यायचं नाही. त्यामुळे आमच्या झुलीला एका बाजूने मोर आणि दुसऱ्या बाजूने पांढरा कळप. कोण कुठल्या बाजूला उभं, यावर त्याचं हसू ठरायचं. लहानपणी मी त्याला विचारलं होतं, "मामा, पोळ्याला मेंढरं कशाला?" तो म्हणाला, "मेंढरं इकून तर बैल आले. त्याईला कसं इसरावं?" झूल दरसाल वेशीच्या तोरणाखालून गेली पाहिजे, असं आजीने त्याला बजावलं होतं. एकही पोळा चुकवायचा नाही. मामा इतर बाबतींत भलताच विसरभोळा, पण हे तो कधी विसरला नाही.

आता रंगनाथकाकांबद्दल सांगायला हवं. मामाच्या शेताला त्यांचं शेत लागून. बांधावरच्या लिंबाची फांदी त्यांनी न विचारता तोडली, औताला लाकूड हवं म्हणून, आणि दोघांचं बोलणं बंद झालं ते वर्षानुवर्षं. अगदीच बंद म्हणता येणार नाही. दोघे एकमेकांना ऐकवायचे ते बैलांच्या आडून. "चल रे, उगं दुसऱ्याच्या बांधावर तोंड घालू नको," असं मामा आपल्या बैलाला मोठ्याने सांगायचा. पलीकडून रंगनाथकाका त्यांच्या चांद्याला म्हणायचे, "तू बोलू नको. काही लोकाईला सवयच असती." चांद्या बिचारा रवंथ करत उभा. आम्हाला ते ऐकायला फार मजा यायची.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र मजेसारखं काही उरलं नव्हतं. मामाने जोडी गोदाकाठी सासरवाडीला धाडली होती, तिथे थोडा कडबा होता. तो आणि मामी रोज खडी फोडायला जात होती. तरी मी पोळ्याला गेले. दुपारी मामाने खुंटीवरची झूल काढली, झटकली आणि मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिला. मामी म्हणाली, "बैलच न्हाई तर झूल काय दाराला घालता?" खडीने हाताची कातडी सोलवटलेली, ते हात तो मेंढरांवरून फिरवत होता. मला त्याच्याकडे बघवेना. एकाएकी तो उठला, झूल खांद्यावर टाकली आणि रंगनाथकाकांच्या गोठ्याकडे चालू लागला. मी आणि मामीही मागून गेलो. त्यांची तर जोडीच मोडली होती. चांद्या तेवढा राहिला होता. गावात त्या साली शिंगं रंगवण्याजोगी जनावरं मोजकीच होती.

मामा गोठ्याबाहेर उभा राहिला आणि चांद्याला म्हणाला, "चांद्या, तुझ्या मालकाला ईचार, आईची झूल हाय. आज येशीतून न्यायची होती."

रंगनाथकाकाही चांद्यालाच म्हणाले, "सांग त्याईला, घाला म्हणावं."

घातली, तर तोकडी. चांद्या मामाच्या बैलांपेक्षा हातभर रुंद, पोटाखाली बंद पोचेना. "असली आखूड घालून येशीत न्यायचं? माझ्या बैलाला काही इज्जत हाय का न्हाई!" रंगनाथकाका चांद्यावर ओरडले. तेवढ्यात त्यांच्या बायकोने आतून आपल्या हिरव्या लुगड्याची पट्टी टर्रकन फाडून आणली. मामा चांद्याच्या पोटाशी बसून ती झुलीला जोडू लागला. पण कापड सारखं सरकत होतं. शेवटी तो वर न बघताच म्हणाला, "ओढून धर."

"धरलं की," रंगनाथकाका म्हणाले.

इतक्या वर्षांत एकमेकांना उद्देशून बोललेले हे पहिले शब्द. मामी गोठ्याच्या दाराआड डोळे पुसत होती. त्या दिवशी तोरणाखालून चांद्या गेला, आणि आमची झूलही गेली.

पुढच्या पावसाळ्यात मामाची जोडी परत आली. झूल आता त्यांना मोठी होत होती, गुडघ्यापर्यंत लोंबायची. मामी म्हणाली, पट्टी उसवून टाका. मामा दर पोळ्याला ती आत दुमडून टाके घालायचा, संध्याकाळी टाके काढायचा, पण उसवायचा नाही. "राहू दे, बैल अजून वाढंल," म्हणायचा. बैल म्हातारा झाला होता! या दरसालच्या दुमडादुमडीने पट्टीची मूळ शिवण सुटत आली, म्हणून तर यंदा हिरवा दोरा हवा होता.

मामा आषाढात गेला. यंदाच्या पोळ्याला मामी एकटी नको म्हणून मी गेले. दुःखाच्या घरात त्या वर्षी सण नसतो. पुरण शिजलं नाही, बैलांना नुसती अंघोळ घातली. झूल खुंटीवर होती, तिच्याकडे आम्ही दोघी बघत नव्हतो. आजीला दिलेला शब्द मामाने दुष्काळातही मोडला नव्हता, तो आता मोडणार, हे मला आतून खात होतं.

दुपारी दारात घुंगरं वाजली. रंगनाथकाका चांद्याचा कासरा धरून उभे. घरात कुणाकडेच त्यांना बघवेना. ते चांद्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "चांद्या, ईचार वहिनीला. सण न्हाई तुमच्यात, ते बराबर हाय. पर झुलीला कुठं सुतक असतंय?"

मामी उठली आणि खुंटीवरून झूल काढून माझ्या हातात दिली. पट्टी एका टोकाला लोंबत होती. माझ्या पिशवीत ती पुडी अजून होती. मी कोनाड्यातल्या मामाच्या दाभणात हिरवा दोरा ओवला आणि चांद्याच्या पोटाशी बसले. कापड सरकायला लागलं.

"काका, ओढून धरा," मी म्हणाले.

"धरलं की..." ते म्हणाले आणि मग त्यांना हुंदका आवरेना. रडत होते, पण पट्टी त्यांनी शेवटच्या टाक्यापर्यंत ताठ धरली होती.

चांद्या वेशीतून गेला तेव्हा गावाच्या बाजूला मेंढरं आली. कुणाचं तरी पोर ती बघून खळखळून हसलं, आणि मामा गेल्यापासून पहिल्यांदा मामीही हसली. संध्याकाळी झूल परत आली. मी पट्टी दुमडून ठेवायला लागले, तर मामीने माझा हात धरला.

"दुमडू नको, राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या साली चांद्यालाच घालायची हाय."

उरलेली लडी मी मामाच्या दाभणाशेजारी कोनाड्यात ठेवून आले.