मधुकररावांचा अंगठा

मोबाईलमध्ये फोटो साचतात ना, तसेच आमच्या ग्रुपचे किस्से साचलेत. डिलीट करायला बसावं, तर एकेक उघडून पाहण्यातच दुपार जाते!

आम्ही चौघं दर रविवारी सकाळी अंबाझरी तलावावर भेटतो. नियम एकच: प्रत्येकानं आठवड्याला एकच फोटो काढायचा, मग तो कुठलाही असो. दुसऱ्यांदा बटण दाबलं की सगळ्यांना तिखट रश्शाचे तर्री-पोहे त्याच्याकडून! माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे कोणाला काय दिसतं याची मला भारी उत्सुकता.

पंकजभाऊ लकडगंजचे लाकूड व्यापारी. डिसेंबरात त्यांना तलावावरचं धुकं पाहिजे होतं. स्टँड लावून उभे. आठ वाजले तरी फोटो नाही.

"काहून गा, काढत काहून नाही?" आम्ही विचारलं.

"काय काढू? धुक्यामुळं धुकंच दिसून नाही राहिलं!"

नऊला ऊन आलं, धुकं गेलं. शेवटी त्यांनी पोह्याच्या गाडीवरच्या वाफेचा फोटो काढला आणि तलाव म्हणून दाखवला. आम्ही वा वा केलं ना राव!

सुनंदाताई भूगोलाच्या मॅडम. त्यांना एरवी गजबजलेला सीताबर्डीचा चौक रिकामा पाहिजे होता. मग काय, मे महिन्यात भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून हजर. चौकात एकटा ट्रॅफिक हवालदार.

"मॅडम, ऊन लागन ना! काय पाहून राहिल्या?"

"रिकामा चौक. तुम्ही जरा बाजूला होता का?"

बिचारा खांबामागे जाऊन उभा राहिला. फोटोत चौक एकदम रिकामा, फक्त खांबाला पोट आलेलं!

चौथे मधुकरराव. नोकरीभर शेतं मोजली, म्हणून इथंही पावलं मोजून त्याच दगडावर उभे राहतात आणि त्याच पळसाचा फोटो काढतात. पानं असोत, नसोत, पळस तोच. आणि प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा!

"मधुकरराव, अंगठा!" आम्ही ओरडायचो.

"राहू दे गा. कुसुमले चालते."

कुसुमवहिनी म्हणजे त्यांची बायको. आधी त्याही तलावावर यायच्या, पळस त्यांचाच लाडका. मग एक डोळा गेला, दुसरा धुरकट झाला. तेव्हापासून घरीच मोबाईल नाकाशी धरून म्हणायच्या, "छान आला हो!"

एकदा मधुकरराव दुकानात येऊन बसले. "तिले काहीच दिसत नाही गा. माझं मन राखून राहिली." मला फार वाईट वाटलं. मी उगाच त्यांचाच चष्मा पुसून दिला.

यंदा रामदासपेठेत त्या उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. गॅरंटी नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पट्टी रविवारी निघणार होती. पळस नुकताच लालभडक फुलला होता. मधुकरराव फोटो काढून थेट दवाखान्यात आले, आम्ही तिघं मागोमाग.

पट्टी निघाली. वहिनींनी डोळ्याची उघडझाप केली. मधुकररावांनी मोबाईल पुढे केला.

वहिनींनी मोबाईल घेतला. नाकाशी नेला, मग लांब धरला. बोटानं सरकवून मागचा फोटो पाहिला. त्याच्या मागचा. त्याच्याही मागचा. कपाळाला आठ्या!

"अहो, हे काय? प्रत्येक पळसापुढं तुमचा अंगठा काहून येऊन राहिला?"

मधुकररावांनी नर्सबाईंसमोरच टुणकन उडी मारली.

"दिसला गा! तिले अंगठा दिसला!"