खांद्याखालचा उजेड

आज सकाळी आमचे आबा गेले. आणि चष्मा न लावता गेले.

आवराआवर करताना एक पाहुणे म्हणाले, "त्यांचा चष्मा ठेवा बरोबर."
"आबांना चष्मा नव्हताच," मी म्हणाले.
रडता रडताही आवाजात थोडी मिजास आलीच. येणारच!

आबा म्हणजे माझे वडील. निमगाव केतकीच्या जत्रेत कुस्त्यांचे पंच.
त्यांनी हात वर केला की विषय संपला.

नव्वदच्या दशकात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. गडी कुणाला बोलला नाही.
आणि एका जत्रेत मोरगावच्या शिवा पैलवानाची पाठ टेकली म्हणून हात वर केला. पाठ टेकली नव्हती.
जिंकलं कोण? आमच्याच गावचा पैलवान!

शिवा भांडला नाही. नुसता म्हणाला, "आबा, तुमी गावाकडं बघितलं."

आबा त्या दिवशी जेवले नाहीत.
"गावाकडं न्हाय बघितलं गं. मला दिसलंच न्हाय," एवढंच मला म्हणाले.
पंचगिरी बंद.

मी तेव्हा बारामतीत कॉलेजला. कळलं, की पुण्यात एक डॉक्टर नवीन लेन्स बसवतात. लांबचं आणि जवळचं, दोन्ही बिनचष्म्याचं दिसतं. आबांना ओढतच एसटीत बसवलं.

त्यांची एकच अट. "चष्मा लावून पंच मातीत उतरत न्हाय."
खरंच होतं ते. निकाल बघायला आबा पैलवानांच्या शेजारी आडवे पडायचे, गाल मातीला लावून. तिथे चष्मा काय टिकणार?

डॉक्टर स्पष्ट बोलले, "लेन्स नवी आहे. वीस-पंचवीस वर्षांनी काय होईल, आज कुणीच सांगू शकत नाही."
आबा म्हणाले, "मला फकस्त फुडची जत्रा दावा."

दोन्ही ऑपरेशन्स झाली. सुरुवातीला दिव्यांभोवती कडी दिसायची.
"गाडीच्या दिव्याला प्रभावळ हाय. देवच आल्यागत वाटतंय!"
पुढे सवय झाली.

पुढची जत्रा. तेच दोघं पैलवान. शिवा खाली.
सगळं गाव उठून ओरडतंय, "झाली! झाली!"

आबा मातीत आडवे. हात काही वर जाईना.
मग गरजले, "खांद्याखालनं उजेड दिसतोय मला! कुस्ती चालू!"

आमच्याच लोकांनी शिव्या घातल्या. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून शिट्टी मारली. आईने नंतर घरी खरपूस समाचार घेतला.

आणि शिवाने खालून असा काही डाव फिरवला, की आमच्या पैलवानाला थेट आसमान दिसलं.
मग त्याने आबांनाच खांद्यावर उचलून आखाडाभर फिरवलं. आबा एका हाताने फेटा सांभाळत नुसते हसत होते.
आयुष्यात मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं पंचगिरी केली. मध्ये एकदा डोळ्यावर पडदा आला, तो लेझरने चहा प्यायच्या वेळात साफ.
काल संध्याकाळी पेपर वाचला. बारीक अक्षरातल्या जाहिरातींसकट.
डॉक्टरसाहेब, पुढे काय होईल म्हणत होतात ना? हे झालं!

दुपारी शिवाभाऊ आले. गुडघे गेलेत, हातात काठी.
तिरडी उचलताना पोरं म्हणाली, "काका, तुमी ऱ्हाऊ द्या."
त्यांनी काठी बाजूला टाकली. "सरका. ह्यो खांदा आबांचा हाय."

आबा, त्याच खांद्यावरून गेलात. जिंकून गेलात.
रामराम घ्या तुमच्या लेकीचा.