डबी तापली तेव्हा अर्धं औषध बाकी होतं

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. कॉलेजात असतानाच मी गळ्यातलं इष्टलिंग काढून कपाटात ठेवलं होतं, आणि त्यावरून अव्वाशी — म्हणजे आईशी — महिनाभर अबोला होता. हे लिहितेय ते कुणाला पटवायला नाही. मलाच ते अजून पटलेलं नाही...

आम्ही कोल्हापूरचे, शाहूपुरीतले लिंगायत. घरचं गुळाचं अडत दुकान. धाकटा भाऊ बसू जन्मापासून हिमोफिलियाचा पेशंट, म्हणजे रक्त लवकर गोठतच नाही. नुसतं ठेचकाळला तरी गुडघा नारळाएवढा सुजायचा. त्याच्यासाठीच मी बायोटेक्नॉलॉजीकडे वळले आणि पुण्याच्या एका लॅबमध्ये अ‍ॅडिनोव्हायरसवर काम करू लागले. हा सर्दीचा विषाणू. त्याची नांगी काढायची, आत रक्त गोठवणारं जनुक भरायचं आणि त्याच्याकरवी ते यकृतात पोचवायचं. पण नांगी काढलीय हे शरीराला कुठं कळतंय? ते त्याच्यावर तुटून पडतं. माझ्या उंदरांची सुजलेली, दाह झालेली यकृतं मी स्वतः पाहिली होती.

दोन हजार सालानंतर बंगलोरच्या एका हॉस्पिटलात याच उपचाराची माणसांवर चाचणी निघाली. बसूला मी सगळे धोके सांगितले. हे औषध एकदाच देता येतं, नंतर शरीर विषाणूला ओळखतं, हेही सांगितलं.

"अक्का, मला एकदा पन्हाळा चालत चढायचाय की," एवढंच तो म्हणाला.

त्या दिवशी सकाळी छातीवर ईसीजीच्या वायरी लावायच्या म्हणून सिस्टरनं त्याच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढायला सांगितली. बसू अडून बसला. आमच्यात लिंग अंगावेगळं करत नाहीत. शेवटी त्यानं डबी माझ्या डाव्या तळहातावर ठेवली, पूजेला लिंग धरतात तशी.

"खाली ठिवायचं न्हाय हं, अक्का."

"न्हाय ठिवत. गप पड."

"तुझा काय भरवसा न्हाय, म्हणून सांगाय लागतंय."

पायथ्याशी बसलेली अव्वासुद्धा हसली. औषध थेंबथेंब शिरेत जाऊ लागलं. एसीनं खोली गारठली होती. पिशवी निम्मी झाली असेल, आणि मला डबी कोमट लागली. वाटलं, आपल्याच हाताची ऊब. मग ती तापतच गेली... चुलीवरून नुकत्या उतरवलेल्या चहाच्या पातेल्यासारखा चटका बसायला लागला. पण खाली ठेवायची नव्हती ना!

"औषध थांबवा!" मी ओरडले.

डॉक्टर धावत आले. ताप नाही, बीपी ठीक, मॉनिटर ठीक. त्यांनी डबीला बोट लावलं. "मॅडम, ही गार आहे. आणि आता थांबवलं तर पुन्हा देता येणार नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको."

ते मला चांगलंच ठाऊक होतं. माझा हात भाजत होता. बसू माझ्याकडे बघत होता.

"अक्का, तू म्हणशील तसं."

मी म्हणाले, "बंद करा."

दुपारी बसूला हुडहुडी भरली. ताप चढला, यकृताचे रिपोर्ट बिघडले, आयसीयूत हलवावं लागलं. शरीर विषाणूवर तुटून पडलं होतं. तो वाचला. पूर्ण डोस गेला असता तर काय झालं असतं, या प्रश्नावर डॉक्टरांनी फक्त खांदे उडवले. माझ्या तळहातावर गोल लाल वळ उठला होता. घट्ट धरल्यानं आला असेल, असं ते म्हणाले. असेलही.

कोल्हापुरात परतल्यावर काही आठवडे बसूचा गुडघा सुजला नाही. तेवढ्यात तो पन्हाळ्याला निघाला. निम्मी वाट चालून गेला आणि दमून एका दगडावर बसला. "उरलेला पुढच्या खेपेला," म्हणाला. पुढच्या खेपेआधी औषधाचा असर संपला, आणि गुडघा पुन्हा सुजला.

अजून आम्ही कधीतरी पन्हाळ्याला जातो, गाडीनं. तो दगड आला की बसू हमखास विचारतो, "अक्का, खरंच डबी तापली व्हती? का तू भ्यालतीस?"

त्याचा जीव वाचवला की त्याची एकुलती एक संधी घालवली, मला आजही सांगता येत नाही.

"तापली होती रे," मी म्हणते.

तो मान डोलावतो, गळ्यातली डबी चाचपतो आणि काचेतून वर गडाकडे बघत राहतो.