दातवाल्या गाडीचा दशरथ

नाव : दशरथ आत्माराम साटम. हुद्दा : चालक (जोडवाहन), हंगामी. वय : कागदोपत्री त्रेचाळीस. शरीरावरील खूण : उजव्या अंगठ्याचे नख अर्धे. कार्यक्षेत्र : बृहन्मुंबईची पूर्व व पश्चिम उपनगरे. सदर कर्मचाऱ्याने पुढील वाहन (पिकअप) व मागील वाहन (ट्रेलर) ही दोन्ही मिळून एकच वाहन आहे असे समजावे. सदर वाहनाची जोड मरोळ डेपोच्या बाहेर वाहन अधीक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय सोडू नये. जोड कायम असेपर्यंत सदर कर्मचाऱ्याने वाहनापासून शंभर पावलांपेक्षा दूर जाऊ नये. वरील अटींचा भंग झाल्यास सेवा आपोआप समाप्त झाली असे मानण्यात येईल.

हा कागद दशरथ साटम घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवत असे. धुताना काढून ठेवायचा आणि शर्ट वाळला की परत ठेवायचा. त्याला तो पाठ होता. तरीही तो अधूनमधून उघडून बघायचा; मजकूर बदलला असेल अशी आशा माणसाला कशाबद्दलही वाटू शकते.

ट्रेलरची हकीकत थोडक्यात अशी. परदेशातल्या कुठल्याशा धर्मादाय संस्थेने तो आमच्या एका निमसरकारी कार्यालयाला भेट दिला होता. तिकडे म्हणे लोक सुट्टी लागली की असला ट्रेलर पिकअपच्या मागे लावतात आणि बायकामुलांसह डोंगरबिंगर बघत हिंडतात. आत दोन बाकं होती, त्यांच्या खाटा होत. शेगडी होती, घडीचं टेबल होतं, नळ होता आणि बदकांची चित्रं असलेले पडदे होते. कार्यालयाने वर्षभर विचार केला आणि त्यात दंतआरोग्याचं फिरतं प्रदर्शन भरवलं. टेबलाच्या जागी प्लास्टरचा जबडा आला. तो एवढा मोठा होता की लहान मूल त्यात आरामात बसू शकलं असतं, आणि बसायचंही. पडदे तसेच राहिले.

दशरथ त्याआधी परळच्या एका गिरणीत फिटर होता आणि वेळ पडली तर गिरणीचा ट्रकही चालवायचा. ब्याऐंशीच्या जानेवारीत सगळ्यांबरोबर तोही बाहेर पडला. चार-आठ दिवसांत परत जायचंच होतं, म्हणून जेवणाचा डबा त्याने खात्यातच खुंटीला ठेवला. डबा पितळेचा होता, सासऱ्याने दिलेला. पुढे गिरणीचं फाटक उघडलंच नाही. त्यातून त्याने एकच धडा घेतला होता, आणि तो फार सोपा होता : बाहेर पडू नये.

ट्रेलर मागे घेणं ही गोष्ट अवघड असते. चाक उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो, आणि घाईने दुरुस्त करायला जावं तर दोन्ही वाहनं एकमेकांकडे तोंड करून भांडल्यासारखी उभी राहतात. दशरथने डेपोत तीन महिने सराव केला. आधी घाटकोपरच्या खोलीत जमिनीवर साबणाच्या दोन वड्या सुतळीने बांधून ढकलून पाहिल्या. बायको मालन म्हणाली, "कपडे कशान धुवू मी?" तेवढा एक आक्षेप सोडला तर घरचा पाठिंबा होता.

शहाऐंशी साली गणपतीच्या तोंडावर प्रदर्शनाला वाकोल्याची एक गल्ली नेमून दिली. सोमवार ते गुरुवार, चार दिवस. गल्ली पिशवीसारखी होती : तोंड अरुंद, आत थोडी मोकळी जागा, पुढे रस्ता नाही. ट्रेलर आत न्यायचा तर उलटाच न्यायला हवा होता. दशरथने तो चाळीस मिनिटांत नेला. गल्ली दोन्ही बाजूंनी उभी राहून बघत होती. शेवटी ट्रेलर भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबला, तेव्हा टाळ्या पडल्या.

"काय हात आहे, काका! झकास!" असं जो म्हणाला तो नंदू, गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा अध्यक्ष. तिशीचा, विमानतळावर सामान चढवायच्या कामाला. मिशा मोठ्या आणि आवाज त्याहून मोठा.

दशरथला शुक्रवारी गाडी जमा करून शनिवारी परळहून सुटणाऱ्या एसटीने गावी जायचं होतं. रजा मंजूर होती, हे विशेष. कुडाळजवळच्या गावी साटमांच्या घरचा गणपती तीन भावांत पाळीने चालतो. ज्याची पाळी, त्याने गणपती बसवायचा, पूजेला त्याने बसायचं, आणि गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला फळं, कवंडळं ही रानफळं आणि आंब्याचे डहाळे टांगून माटवी त्यानेच बांधायची. गेल्या पाळीला, त्र्याऐंशीत, संप चालू होता की संपला होता हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. दशरथ बोलावणं येईल म्हणून मुंबईतच बसून राहिला. बोलावणं आलं नाही आणि पाळी गेली. आई तेव्हा काही बोलली नव्हती. या खेपेला तिने पत्र लिहवून घेतलं होतं : "ह्या वर्षी तरी ये. पुढच्या पाळयेक मी असन नसन." म्हातारी ऐंशीला टेकली होती आणि अतिशयोक्ती करण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

मंडळाचा मांडव दरवर्षी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर व्हायचा. त्या वर्षी प्लॉटला कुणा बिल्डरने भिंत घातली, म्हणून मांडव गल्लीच्या तोंडाशी घ्यायचं ठरलं. एका अंगाला मांडव, दुसऱ्या अंगाला जायला-यायला वाट. बुधवारी सकाळी पहिला खांब, म्हणजे मुहूर्तमेढ, रोवायची होती. चार खड्डे खणून तयार होते. नंदू ट्रेलरशी आला.

"काका, नारळ तुमच्या हातचा."

"माझा कशाला रे? मी पाहुणा माणूस."

"पाहुणा काय! गल्लीत एवढी मोठी गाडी कुणी आणलीय आजवर? चला, मुहूर्त टळतोय."

ट्रेलरपासून मांडवापर्यंत बासष्ट पावलं होती. दशरथ गेला. तिथे त्याने खड्डे पाहिले आणि त्याच्यातला फिटर जागा झाला. तीन खड्डे एका ओळीत होते, चौथा, नेमका मुहूर्तमेढीचा, दीड फूट आत सरकलेला.

"नंदू, हा वाकडा आहे."

"असू दे ना, काका. कापड टाकल्यावर कोण बघतंय?"

"देव बघतो. सुतळी आण."

सुतळी आणली, ताणली, दशरथने स्वतः पहार घेऊन दीड फूट बाहेर नवा खड्डा खणला, ओळंबा धरला, बांबू उभा केला आणि हळद-कुंकू लावून नारळ फोडला. मेढ इतकी सरळ रोवलेली त्या गल्लीने कधी पाहिली नव्हती. टाळ्या पुन्हा पडल्या.

चौथा खड्डा आत का सरकला होता, याचं उत्तर समोरच्या भिंतीला होतं. तिथे विजेची पेटी होती, भिंतीतून दीड फूट पुढे आलेली. खणणाऱ्यांनी वाट आठ फुटांची राहावी म्हणून खड्डा तेवढा आत घेतला होता, आणि मग सगळे चहाला गेले होते. आता पेटी आणि मेढ यांच्यामध्ये साडेसहा फूट उरले. पिकअप साडेपाच फूट रुंद. ट्रेलर सात.

हे गुरुवारी संध्याकाळी कळलं, जबडा बांधून गाडी सुरू केल्यावर. दशरथ खाली उतरला, फूटपट्टीने मोजलं, पुन्हा मोजलं. आपण खणलेल्या जागेकडे तो बराच वेळ बघत राहिला.

नंदूने डोकं खाजवलं. "वाट लागली. पेटी तर हलत नाही, काका, तिच्यावर सगळ्या गल्लीची वीज. मेढ काढायची का? तुम्ही बोला फक्त. एक हिसका, गाडी बाहेर, परत लावू."

"मेढ काढतात का रे विसर्जनाआधी?"

"नाही काढत. पण तुमची अडचण आहे ना, यार. बाप्पा समजून घेईल."

कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. रोवलेली मेढ मधेच उपटणं म्हणजे बोलावलेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवणं. आणि दशरथला स्वतःच्या गणपतीला पोचण्यासाठी दुसऱ्याच्या गणपतीची मेढ उपटायची होती, तीही स्वतः नारळ फोडलेली. तो म्हणाला, "राहू दे."

"नक्की?"

"राहू दे म्हटलं ना."

राहता राहिला दुसरा मार्ग. ट्रेलर इथेच ठेवायचा, पिकअप तेवढी डेपोत जमा करायची. मंडळाची पोरं ट्रेलरवर लक्ष ठेवायला तयार होती. त्यासाठी फक्त जोड सोडायची होती. शुक्रवारी सकाळी त्याने वाण्याच्या दुकानातून, म्हणजे एक्याऐंशी पावलांवरून, मरोळला फोन लावला. फोन उत्तराबाईंनी घेतला. बाई कार्यालयात आवक-जावक बघत आणि मनाने चांगल्या होत्या, त्यामुळे त्यांना बढती मिळालेली नव्हती.

"दशरथ, परवानगी विद्याधर साहेब देणार. ते रजेवर गेले काल."

"खय गेले? म्हणजे, कुठे गेले?"

"गावी. गणपतीला."



"दुसरं कोण सही करेल, बाई?"

"त्यांच्या जागी शिंदे बघतात. ते परवाच गेले, सावंतवाडीला. हे बघ, मी अर्ज टाइप करून साहेबांच्या टेबलावर ठेवते. आले की पहिला तोच देते."

"कधी येतील?"

"अनंत चतुर्दशी झाली की."

"मग मी असाच गेलो तर?"

उत्तराबाईंनी आवाज खाली घेतला. "तुझे दोनशे चाळीस दिवस भरायला एकोणीस दिवस राहिलेत. भरले की कायम होशील. मी काही सांगत नाही. कागदावर आहे तेवढंच वाचून दाखवते."

"वाचू नका. पाठ आहे."

मालन शनिवारी दुपारी पिशव्या घेऊन थेट वाकोल्याला आली. मुलांना तिने भावाबरोबर परळला पुढे पाठवलं होतं. ट्रेलर तिने पहिल्यांदाच आतून पाहिला. खाट दाबून बघितली, शेगडीवरून हात फिरवला, बदकांचा पडदा सारला.

"अहो, ह्यात तर सगळा आसा. आपल्या खोलयेपरीस बरा. ह्यातच बसान जाव या गावाक."

"त्याच्यासाठीच केल्यानी म्हणतत."

"मग?"

"मग काय. हलूचा तेवढा ऱ्हवला."

तिने नळ सोडून पाहिला. पाणी नव्हतं. कधीच नव्हतं. ती जबड्यावर टेकली, खालच्या दाढांवर.

"आयेक काय सांगू?"

दशरथ खिडकीतून मांडवाकडे बघत होता. तिथे कापड चढत होतं. "सांग, नोकरी कायम होता हा."

"ता सांगतंय. पण पाळी?"

"पाळी भाऊ करतलो. माटवी मात्र सरळ बांधूक सांग त्याका."

"भावोजींची कधी सरळ येता? दरवर्षी वाकडीच. तुमीच हसतास."

"म्हणान सांगतंय."

जाताना ती त्याच्या पाया पडली. असं ती एरवी प्रवासाला निघालेल्या माणसाच्या पडत असे. या खेपेला तीच निघाली होती, पण सवय झालेली होती. दशरथ तिला पोचवायला निघाला आणि शंभराव्या पावलावर, पिठाच्या गिरणीपाशी, थांबला. तिथून रस्ता वळतो. ती वळेपर्यंत त्याने हात वर धरला होता.

मग अकरा दिवस तो तिथे राहिला. गल्लीने त्याला उपाशी ठेवलं नाही. शकु नावाच्या बाईने तर चतुर्थीला एकवीस मोदक पाठवले आणि ताट परत घेताना दात कसे घासावेत याबद्दल दोन शंका विचारून घेतल्या. आंघोळ सार्वजनिक नळावर, छप्पन्न पावलांवर. चतुर्थीला सकाळी मूर्ती आली तेव्हा नंदू पुन्हा दारात.

"काका, पूजेला बसा. मेढ तुमची, मान तुमचा."

"माझा गणपती गावाला आहे रे."

"म्हणूनच म्हणतो. इथे तरी बसा ना."

दशरथ बसला. सगळे विधी त्याने नीट केले, भटजींची एक चूकही दाखवली. आरतीला मात्र त्याने टाळ घेतले आणि खाली बघत वाजवले. पुढचे दहा दिवस संध्याकाळची आरती 'दातवाल्या काकां'च्या हातची असा पायंडाच पडला. मांडवात उभं राहिलं की त्याला समोर गणपती दिसायचा, आणि गणपतीच्या डाव्या बाजूला ती मेढ. मेढ सरळ होती. अकरा दिवसांत ती सुताइतकीही ढळली नाही.

सातव्या दिवशी पोस्टकार्ड आलं, मालनने मुलाकडून लिहवलेलं. गणपती नीट बसला. माटवी वाकडी झाली, एक नारळ पडला, कुणाला लागला नाही. आई दिवसभर ओटीवर बसून होती. एसटी आली की विचारायची, आला काय? दुसऱ्या दिवशीपासून विचारायची बंद झाली. तब्येत बरी आहे.

दशरथने कार्ड वरच्या खिशात, त्या कागदामागे ठेवलं.

अनंत चतुर्दशीला मूर्ती जुहूला गेली. दशरथ शंभर पावलं बरोबर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदूने मेढ दोन हातांत धरली, एक हिसका दिला आणि ती बाहेर आली. "बघितलं, काका?" तो म्हणाला, आणि मग म्हणायला नको होतं असं त्याचं तोंड झालं.

दशरथने जोडवाहन मरोळला आणलं, तेव्हा विद्याधर साहेब आलेले होते. टेबलावर गावाहून आणलेलं खाजं होतं. त्यांनी दशरथला दोन तुकडे दिले, गणपती कसा झाला विचारलं, आणि उत्तर यायच्या आत उत्तराबाईंनी समोर सरकवलेल्या दोन कागदांवर सही केली. पहिल्या कागदात, मंजूर झालेली रजा न उपभोगल्याबद्दल सदर चालकाने सात दिवसांत खुलासा करावा, असं म्हटलं होतं. दुसऱ्यात, अर्जात नमूद केलेली परिस्थिती विचारात घेता जोडवाहनाची जोड वाकोला येथे सोडण्यास या आदेशान्वये परवानगी देण्यात येत होती.

जोड एका पिनेवर असते. पिन हाताने निघते.