मधली चौकट

बुधवार होता. कोपरीच्या ऑफिसात चहा आला होता आणि मी एक कप झाकून ठेवला होता, कारण कांबळे अजून यायचे होते. फोन त्यांच्या भावाचा आला. सकाळी शर्टाची बटणं लावता लावता गेले. हार्ट.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. मीही बोलले. पण खरे किस्से तिथे सांगवत नाहीत. ते परतताना, जिन्यात चपला शोधताना आठवतात, आणि एक आठवला की मागचा त्याला ढकलत येतोच! म्हणून इथे सांगते.

*

आमची औषधांची ठोक विक्री. ऑफिस ठाण्यात कोपरीला, गोडाऊन कल्याणला, आणि आयटी म्हणजे कांबळे आणि मी. एक दिवस साहेब म्हणाले, "सर्व्हर, नेटवर्क, सगळं बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू. पुढच्याच आठवड्यात!"

कांबळे शांतपणे म्हणाले, "साहेब, घर बदलताना टेम्पोवालासुद्धा आधी सामान बघून जातो. नाहीतर आपला फ्रिज मागे राहतो आणि शेजाऱ्याची शिडी जाते."

साहेबांनी मुदत एक तारखेपर्यंत वाढवली. आपल्याकडे काय आहे, काय कशाला जोडलंय, काय ठेवायचं, काय द्यायचं, हे सगळं आधी फळ्यावर चौकटी आणि बाणांनी काढायचं ठरलं. फळ्यावर नसेल ते करारात नाही, आणि करारात नसेल ते एक तारखेपासून बंद!

*

पहिलाच प्रश्न : सर्व्हर किती? कोणालाच नक्की माहीत नव्हतं.

अकाउंट्सचे सावंत म्हणाले, "सोप्पंय! दसऱ्याला प्रत्येक मशीनला हार घालतो ना आपण? वाळलेले हार मोजा."

मोजले, फळ्यावर काढले. मग उघडून पाहिलं, तर सर्वांत जाड हाराचं कपाट आतून रिकामं! आणि बिलिंग चालत होतं सावंतांच्या टेबलाखालच्या मशीनवर, ज्यावर ते रोज पाय ठेवून बसायचे.

सावंतांनी घाईघाईने वाकून त्याला नमस्कार केला. जेवणानंतर पाय पुन्हा तिथेच!

*

मग बॅकअप. कल्याणच्या पाटलांना फोन लावला. गोडाऊन त्यांच्याच ताब्यात.

"पाटील, बॅकअपची डिस्क सुरक्षित आहे ना?"

"एकदम! इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये ठेवलीय."

कांबळेंनी विचारलं, "फ्रिजमध्ये का हो?"

"खोक्यावर लिवलेलं ना, थंड जागी ठेवा. दोन ते आठ डिग्री. रोज टेंपरेचर चेक करतो, साहेब!"

*

एक जुनं मशीन काय करतं ते कळेना. कांबळे म्हणाले, "बंद करून बघू. जो ओरडेल, त्याचं."

सकाळी बंद केलं. दुपार झाली, कोणी ओरडलं नाही. आम्ही फळ्यावर त्याच्यावर काट मारली.

संध्याकाळी कळलं, कल्याणच्या गोडाऊनमधली जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा त्यावर होती. माणसं चहापर्यंत जेवत होती! ओरडणार कोण?

*

शेवटी बाहेरच्या कंपनीचा माणूस फळा बघायला आला. चष्मा पुसून म्हणाला, "सर, सगळे बाण या मधल्या चौकटीत येतायत. हिच्यात नाव नाही. हे काय आहे?"

"मी," कांबळे म्हणाले.

सगळे हसले. तो मात्र हसला नाही. "हे बंद पडलं तर?"

"या ताईंना विचारा."

"अहो कांबळे, मला काय! मीच तर सगळं तुम्हाला विचारते!"

त्यावर साहेबसुद्धा खो खो हसले.

"सोमवारी बसू, ताई," कांबळे म्हणाले. "चहा तुमचा. एकेक बाण कुठून येतो ते सांगतो."

सोमवारी साहेबांनी मीटिंग लावली. मंगळवारी मी रजेवर होते. बुधवारी चहा झाकून ठेवला.

एक तारीख जवळ आली आहे. फळा तसाच आहे. मधल्या चौकटीतला एकेक बाण कुठून येतो, ते उतरवून घ्यायचं राहिलं.